‘गुंतागुंत झाली’ असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय झालेले असते?

कृष्णाकाठ:

नमस्कार. येथे वैद्यकीय क्षेत्रातील आणि कायद्याची जाण असलेली बरीच मंडळी लिहितात, म्हणून हा प्रश्न थोडा सविस्तर मांडतो आहे.

अकरा महिन्यांपूर्वी माझ्या आईचे (वय ५८) पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचे खासगी रुग्णालय, डॉक्टर ओळखीचे आणि नावाजलेले. दुसऱ्या दिवशी घरी सोडतील असे सांगितले होते. परंतु तिसऱ्या दिवशी तिचे पोट फुगले, ताप चढला आणि पोटात ठेवलेल्या ड्रेनमधून (आतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) हिरवट-पिवळे पाणी येऊ लागले. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “आईंची आतली रचना थोडी वेगळी होती, त्यामुळे गुंतागुंत झाली. दोनशे-तीनशे पेशंटमध्ये एखाद्याला असं होतं. पुण्याला नेलेलं बरं.” अँब्युलन्सची व्यवस्था त्यांनीच करून दिली, हेही नमूद करायला हवे.

पुण्याला तपासण्या झाल्या, अडीच महिने ती ड्रेनची पिशवी कमरेला लावून वावरली आणि त्यानंतर मोठे ऑपरेशन करून आतड्याचा भाग वर आणून यकृतातून येणाऱ्या नळीला जोडण्यात आला. तेथील शल्यचिकित्सकांनी मला बसवून घेऊन एका जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने आकृती काढून दाखवली: यकृत, त्याखाली पित्ताशय, पित्ताशयाची छोटी नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य नळी. मग मुख्य नळीवर दोन आडव्या रेघा मारून ते म्हणाले, “क्लिपा इथे लागल्यात. ही छोटी नळी समजून मोठी कापली गेली.” मी विचारले, “सर, हे लिहून द्याल का?” त्यावर ते म्हणाले, “मी काय पाहिलं ते लिहीन. ते कसं झालं हे मी लिहू शकत नाही, मी तिथे नव्हतो.” डिस्चार्ज कार्डावर ‘पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरची पित्तनलिकेची इजा’ एवढेच आहे.

साडेसात लाख रुपये खर्च झाला, पण माझा प्रश्न प्रामुख्याने पैशांचा नाही. आई अजूनही समजते की तिच्या शरीराची रचनाच सदोष होती. नातेवाइकांना ती तसेच सांगते आणि ते ऐकताना मला फार त्रास होतो. पहिल्या डॉक्टरांना हे ठाऊक होते का? ठाऊक असेल तर त्यांनी ते का सांगितले नाही? न सांगणे ही शल्यचिकित्सकांची एकूण वृत्तीच असते, की कोर्टाची भीती त्यांना गप्प बसवते? आणि आता अकरा महिन्यांनी त्यांच्यासमोर जाऊन सरळ विचारावे का?

निवृत्त_शल्यक:

कृष्णाकाठ यांस, आपल्या आईंना जे सोसावे लागले त्याबद्दल मनापासून वाईट वाटले. मी चौतीस वर्षे तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया केल्या आणि सहा वर्षांपूर्वी थांबलो, त्यामुळे जे लिहितो ते स्वतःच्या व्यवसायाविषयी लिहितो आहे.

प्रथम आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. पित्ताशय काढताना मुख्य नलिका कापली जाते, ती बहुतेक वेळा हात थरथरल्यामुळे नव्हे, तर डोळ्यांची फसगत झाल्यामुळे. पित्ताशय वर ओढून धरले की दोन्ही नळ्या एका रेषेत येतात. सूज आणि चिकटपणा असेल तर मोठी नळी हीच छोटी नळी आहे अशी शल्यचिकित्सकाची पक्की खात्री होते, आणि खात्री झाली की मन पुढे शंका घेत नाही. याच कारणामुळे १९९५ पासून शिकवले जाते की, पित्ताशयाची नळी, मुख्य नळी आणि यकृत यांमधला त्रिकोणी भाग पूर्ण साफ करावा, पित्ताशयाचा तळाचा भाग यकृतापासून सुटा करावा, आणि पित्ताशयाकडे दोनच गोष्टी जाताना स्पष्ट दिसल्याशिवाय क्लिप लावू नये. दिसत नसेल तर थांबावे, पोट उघडावे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर यावे. अशी इजा बऱ्याचदा टेबलावर लक्षात येतच नाही. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी आपल्यापासून काही लपवले असे मी गृहीत धरणार नाही. मात्र तिसऱ्या दिवशी ड्रेनमधून पित्त येताना पाहिल्यावर काय झाले असावे याची त्यांना कल्पना आली असणार. ‘रचना वेगळी होती’ हे वाक्य त्या दिवसाचे आहे.

दोनशे-तीनशेत एक हे प्रमाण त्यांनी खोटे सांगितलेले नाही. निष्णात हातांकडूनही ही इजा होते आणि प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. परंतु ‘हे कधीकधी होते’ आणि ‘हे माझ्याकडून झाले’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. आम्ही पहिले वाक्य बोलतो आणि दुसरे आपोआप समजले जाईल अशी आशा करतो.

माझ्या बाबतीत घडलेले सांगतो. १९९४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षिकेच्या थायरॉइडच्या गाठीचे ऑपरेशन मी केले. अर्धी गाठ सुटी झालेली असताना मागच्या बाजूने रक्तस्राव सुरू झाला, मी घाईने आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) लावला आणि टाका बांधला. स्वरयंत्राकडे जाणारी नस त्या वेळी मला दिसलेली नव्हती. संध्याकाळी बाईंचा आवाज घोगरा लागला. मी म्हणालो, “सूज आहे, उतरेल.” सूज तर प्रत्येकाला असतेच, त्यामुळे ते वाक्य तोंडातून सहज निघाले. पंधरा दिवसांनी तेच म्हणालो, दीड महिन्याने तेच म्हणालो. चौथ्या महिन्यात त्यांना समोर बसवून सांगितले की, रक्त थांबवताना ती नस माझ्या टाक्यात सापडली असावी, ती चूक माझी आहे आणि आवाज पूर्ण परत येईल असे वाटत नाही. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं का?” मी म्हणालो, “शंका होती.” त्यावर त्या म्हणाल्या, “मी तीन महिने रोज सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या करत होते, डॉक्टर. वर्गात पोरं हसायची, तर मी म्हणायचे, थांबा, आता उतरेल.” नस दुखावल्याची क्षमा त्यांनी केली, असे मला पुढे अनेक वर्षांच्या ओळखीतून जाणवले. त्या तीन महिन्यांची त्यांनी केली नाही, आणि ते योग्यच होते.

आम्ही असे का वागतो? मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दर आठवड्याला वा महिन्याला मृत्यू आणि गुंतागुंतींवर बैठक होते. तेथे ‘तू तिथे का कापलेस?’ असे वरिष्ठ सर्वांदेखत विचारतात आणि उत्तर द्यावे लागते. चुकीकडे डोळेझाक करायला आम्हाला कोणी शिकवलेले नाही. मात्र ती बैठक बंद दाराआड होते आणि तेथून उठून रुग्णाच्या पलंगाशी जाऊन तेच कसे बोलावे हे मला माझ्या संपूर्ण शिक्षणात कोणीही शिकवले नाही. शिवाय आपल्याकडील बहुसंख्य शल्यचिकित्सक स्वतःच्या छोट्या रुग्णालयाचे मालक असतात. खाली ऑपरेशन थिएटर, वर घर, डोक्यावर बँकेचे कर्ज. गावात बातमी पसरायला एक दिवस पुरतो आणि जमाव यायला एक तास. २०१० मध्ये महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला, तो उगाच झाला नाही. ही भीती खरी आहे. तरीही माझ्या प्रसंगात मला कोणी मारायला आले नव्हते, नोटीसही आली नव्हती. मला लाज वाटत होती, आणि तिलाच मी भीती हे नाव दिले होते.

आपण त्यांच्याकडे जावे असे मला वाटते. एकटे जा आणि ती बॉलपेनची आकृती बरोबर न्या.

ओटी_सिस्टर:

मी बावीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये आणि त्याआधी वॉर्डात काम केले आहे. डॉक्टरांनी काय सांगितले याची चर्चा वर झाली आहे. परंतु चूक झाल्यानंतर रात्री दोन वाजता नातेवाईक ज्यांच्याकडे येतात त्या आम्ही असतो. “सिस्टर, खरं काय झालं ते तुम्ही तरी सांगा” असे म्हणत एखादी मुलगी औषधांच्या ट्रॉलीशी उभी राहते आणि आम्हाला वरून सूचना असते की, ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच म्हणायचे. डॉक्टर सकाळी येऊन दोन वाक्ये बोलून निघून जातात. ती मुलगी मग माझ्याकडे पाहते. त्या नजरेची सवय कधीच होत नाही.

आमच्या कामातील एक गोष्ट सांगते. पोट बंद करण्यापूर्वी मॉप (रक्त टिपण्याची कापडे) मोजतात, फळ्यावर आकडा लिहिलेला असतो आणि तो जुळला नाही तर टाके घालायचे नाहीत असा नियम आहे. एकदा माझ्या मोजणीत एक मॉप कमी भरला. सर म्हणाले, “तुमचीच मोजायला चूक झाली असेल, बंद करतोय.” मी ‘काउंट जुळत नाही’ हे मोठ्याने दुसऱ्यांदा म्हटले, तेव्हा त्यांनी चिडून पुन्हा हात घातला आणि यकृताच्या मागून मॉप निघाला. त्या रुग्णाला हे कधीही कळले नाही, कारण काही घडलेच नाही असे ठरले. परंतु माझ्यानंतर आलेल्या नव्या मुलीने दुसऱ्यांदा म्हणण्याचे धाडस केले असते का, हा प्रश्न मला आजही पडतो.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतर नसबंदीचे ऑपरेशन झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला. तो दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर सापडला आणि त्या वाचल्या नाहीत. त्यांच्या पतीला ३६,००० रुपयांची भरपाई देणारा खालच्या न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालयाने फिरवला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा लागू केला तो १९९६ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. आमच्या प्रशिक्षणात हे प्रकरण शिकवत असत, पण केवळ ‘मोजणी नीट करा’ हे सांगण्यासाठी. त्या माणसाला तेहतीस वर्षे का भांडावे लागले, हे कोणी विचारले नाही.

कायदा_आणि_काळजी:

मी ग्राहक आयोगापुढे वैद्यकीय प्रकरणे चालवतो. काही रुग्णांच्या बाजूने, काही डॉक्टरांच्या. धागाकर्त्यांनी भावना बाजूला ठेवून आधी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवतो.

पहिल्या रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपर, ऑपरेशन नोट्स आणि संमतीपत्राच्या प्रती लेखी अर्ज करून मागाव्यात आणि अर्जावर पोच घ्यावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणजे तुमच्याकडे अजून सुमारे एक वर्ष आहे. ही मुदत हलक्याने घेऊ नका. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गोव्यातील एका परिचारिकेचे प्रकरण आले होते. १९९३ मध्ये मुंबईत त्यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, नऊ वर्षे पोट दुखत राहिले आणि २००२ मध्ये पुन्हा ऑपरेशन केले तेव्हा आत गॉज सापडले. चूक जेव्हा कळली, किंवा वाजवी प्रयत्न केले असते तर कळू शकली असती, तेव्हापासून मुदत मोजावी हे तत्त्व न्यायालयाने विचारात घेतले. तरीही इतकी वर्षे दुखत असताना त्यांनी पाठपुरावा करायला हवा होता असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. न सांगण्याची किंमत रुग्ण अशीही मोजतो.

आता निवृत्त_शल्यक सरांसाठी. तुम्ही लिहिलेले वाचून मन हेलावले, पण तुमच्या शाखेतील तरुण डॉक्टर माझ्याकडे सल्ल्याला आले, तर ‘जाऊन चूक कबूल करा’ असे मी त्यांना सहज सांगू शकत नाही. दिलगिरी म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे, असे सर्वसाधारण संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. बहुतेक प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसींत (डॉक्टरांच्या व्यावसायिक चुकांसाठीच्या विम्यात) विमा कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व मान्य करू नये अशी अट असते. रुग्णाचा मृत्यू झाला तर फौजदारी कलमही आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्थात सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा आवश्यक ठरवला आहे आणि निर्णयातील साधी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही स्पष्ट केले आहे. हा निकाल डॉक्टरांच्या बाजूचा आहे, पण पोलीस ठाण्यात बसलेल्या डॉक्टरला त्या वेळी त्याचा आधार वाटत नाही.

मात्र एक गोष्ट मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकजण पहिल्याच भेटीत म्हणतात, “साहेब, ते आमच्याशी नीट बोलले असते तर आम्ही तुमच्यापर्यंत आलोच नसतो.”

यॉर्कशायरकर:

मी मूळचा सोलापूरचा. गेली सोळा वर्षे इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. वकीलसाहेबांनी मांडलेली अडचण येथे कायदा करून काही प्रमाणात सोडवण्यात आली, म्हणून लिहितो.

मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयातील भयंकर हेळसांडीची सार्वजनिक चौकशी झाली, रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून एनएचएसच्या (येथील सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयांवर रुग्णाला खरे सांगण्याचे वैधानिक कर्तव्य आले. गंभीर इजा झाली तर रुग्णाला वा नातेवाइकांना समोरासमोर सांगायचे, दिलगिरी व्यक्त करायची, चौकशी करायची आणि हे सर्व लेखी द्यायचे. माफी मागणे हे स्वतःहून दायित्वाची कबुली ठरत नाही, हे २००६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे. येथे सर्व आलबेल आहे असे नाही. मी अशी पत्रे वाचली आहेत ज्यांत दोन पाने मजकूर असूनही काय चुकले ते कळत नाही. तरी सांगायचे की नाही, हा प्रश्न तरी येथे उरलेला नाही. कसे सांगायचे एवढाच उरतो.

शल्यचिकित्सकांच्या वृत्तीविषयी धागाकर्त्यांनी विचारले आहे. अमेरिका आणि कॅनडामधील २,६३७ डॉक्टरांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काल्पनिक प्रसंग देऊन ‘तुम्ही रुग्णाला काय म्हणाल?’ असे विचारले असता, ५६ टक्के डॉक्टरांनी जे अघटित घडले त्याचा उल्लेख होईल पण चूक झाल्याचा होणार नाही अशी वाक्ये निवडली. चूक झाली असे स्पष्ट म्हणणारे फिजिशियन (शस्त्रक्रिया न करणारे, औषधोपचार करणारे) वर्गातील ५८ टक्के होते, तर शल्यचिकित्सकांपैकी फक्त १९ टक्के. चूक रुग्णाच्या सहज लक्षात येण्यासारखी असेल तर ती सांगण्याचे प्रमाण जास्त, आणि न कळण्यासारखी असेल तर कमी होते. माझ्या मते शल्यचिकित्सकाला स्वतःची चूक स्वतःच्या हातांपासून वेगळी करता येत नाही. औषधाचा डोस चुकला तर तो कागदावर चुकतो. नळी कापली जाते ती आपल्या बोटांनी. मी टेबलाच्या डोक्याशी उभा राहून असे क्षण पाहिले आहेत. सर्जनचा आवाज बदलत नाही, पण सगळे ऑपरेशन थिएटर शांत होते.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ पासून चूक स्वतःहून सांगायची आणि रास्त भरपाई स्वतःच देऊ करायची असे धोरण स्वीकारले. दर एक लाख रुग्णभेटींमागे दरमहा दाखल होणारे खटले २.१३ वरून ०.७५ वर आले. हा आकडा भारतात तसाच लागू पडेल असे म्हणता येणार नाही, कारण तेथे डॉक्टरच्या मागे एक मोठी संस्था उभी होती आणि तालुक्यातील डॉक्टरच्या मागे कोणीही नसते.

निवृत्त_शल्यक:

कायदा_आणि_काळजी यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्यांच्या जागी मीही तरुणांना सावधच करीन. तरी एक मार्ग आहे, तो सुचवतो. दायित्व कोणाचे हे न्यायालय ठरवेल. काय घडले हे सांगायला न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. “मुख्य नळीला इजा झाली आहे, ती ऑपरेशनच्या वेळी झाली आहे, तुमच्या शरीरात काहीही दोष नव्हता” ही वस्तुस्थिती आहे. माझ्या समजुतीप्रमाणे कोणतीही विमा कंपनी वस्तुस्थिती सांगायला मनाई करत नाही. आपले मत कळवावे.

कायदा_आणि_काळजी:

वस्तुस्थिती सांगण्यास हरकत नाही. ‘माझी चूक, मी भरपाई देतो’ या शब्दांपाशी सावध राहावे. आणि जे सांगितले ते त्याच दिवशी केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहावे. मागाहून लिहिलेली नोंद कोर्टात डॉक्टरलाच बुडवते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. परवा जाऊन आलो, म्हणून लिहितो.

केसपेपरच्या प्रती अर्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाल्या. ऑपरेशन नोट्स म्हणजे छापील मजकूर आहे; रिकाम्या जागेत आईचे नाव आणि तारीख तेवढी हाताने लिहिलेली आहे. संध्याकाळची ओपीडी संपल्यावर मी डॉक्टरांना भेटलो आणि ती आकृती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग कागद माझ्याकडे वळवून एका रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “क्लिप लावताना नळी मला नेहमीपेक्षा रुंद वाटली होती. मी थांबायला हवं होतं.” मी आईच्या रचनेबद्दल विचारले. “रचना नेहमीसारखीच होती,” असे ते म्हणाले. मग मी पुढे काय करणार आहे असे त्यांनी विचारले. मी ठरवलेले नाही असे उत्तर दिले, आणि ते खरेच आहे.

घरी येऊन आईला सर्व सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. नंतर तिने विचारले, “मग माझ्या बहिणीला खडे झालेत, तिला भ्यायचं कारण नाही ना?” गेल्या सहा महिन्यांपासून मावशी ऑपरेशन टाळते आहे, कारण आईने तिला ‘आपल्या घराण्यातच आतून काहीतरी वेगळं आहे’ असे सांगितले होते. उद्या मावशीला पुण्याला दाखवायला नेतो आहे.